पाँपेईची हस्तिदंती स्त्री आणि तेरणाकांठचें तगर

प्राचीन नगर पाहावयास गेलेल्या माणसाचे पहिले दोनतीन दिवस बहुधा नुसतें पाहण्यांत जातात. समजण्यास सुरुवात त्यानंतर होते. भूमध्यसमुद्राच्या कांठचें पाँपेई हें नगर या नियमाला वरवर पाहतां अपवाद वाटतें. तेथें पाऊल टाकल्याबरोबर सर्व कांहीं समजलें असा भास होतो, आणि तो भास आहे हें कळावयास तिसरा दिवस उजाडावा लागतो. शिरूर अनंतपाळ, निलंगा, औसा या बाजूच्या, म्हणजे मांजरा-तेरणेच्या खोऱ्यांतील, मराठी माणसाला तर तेथें आणखीहि एक गोष्ट कळण्यासारखी आहे. ती ही कीं, या परक्या नगराचा एक धागा त्याच्या स्वतःच्या गांवापासून फार दूर नसलेल्या एका नगराशीं जुळतो. त्या धाग्याचा माग काढावा, आणि माग काढतां काढतां आपल्या हातीं काय उरलें आहे तेंहि पाहावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पाँपेईंतील पहिला दिवस कसा जातो तें प्रथम पाहूं. नेपल्सहून आगगाडीनें निघालेला प्रवासी थोड्याच वेळांत नगराच्या वेशीशीं पोंचतो. चढणीच्या वाटेनें आंत शिरतांच त्याला काळ्या दगडाच्या फरशीचे रस्ते लागतात. फरशींत गाड्यांच्या चाकांनीं पाडलेल्या चाकोऱ्या जशाच्या तशा आहेत. रस्त्यांतून सांडपाणी वाहत असे, म्हणून पायीं चालणाऱ्यास पलीकडे जातां यावें यासाठीं जागोजाग उंच दगड रोवले आहेत, आणि त्या दगडांमधून गाडीचीं चाकें जाण्यापुरती जागा सोडलेली आहे. चव्हाट्यावर पाण्याचीं दगडी कुंडें आहेत. भटारखान्यांत दळणाचीं जातीं आणि भट्ट्या उभ्या आहेत. एका काळीं भट्टींत घातलेल्या आणि जळून कोळसा झालेल्या भाकऱ्यासुद्धां तेथें सांपडल्या. रस्त्याकडेच्या दुकानांच्या ओट्यांत मोठमोठे रांजण बसविले आहेत; त्यांतून तयार अन्न विकलें जाई. भिंतींवर निवडणुकीचीं आवाहनें रंगविलेलीं आहेत. अमक्यास निवडून द्या, तमका योग्य माणूस आहे, असल्या त्या मजकुरावरून जगांतील पुढारी आणि मतदार फारसे बदललेले नाहींत अशी मौजेची खात्री पटते. चौकांत उभें राहून उत्तरेकडे पाहावें तों व्हेसूव्हियसचा डोंगर समोर दिसतो, आणि या सर्व गोष्टी इतक्या नीटनेटक्या कां राहिल्या याचें उत्तर तोच देतो.

इसवी सनाच्या 79 व्या वर्षीं त्या डोंगराचा स्फोट झाला आणि दोन दिवसांच्या आंत सबंध नगर राख व दगडांच्या थराखालीं गेलें. ती तारीख परंपरेनें ऑगस्टची 24 मानीत. परंतु 2018 सालीं भिंतीवर कोळशानें लिहिलेला एक मजकूर सांपडल्यापासून ही घटना ऑक्टोबरमधील असावी असा तर्क बळावला आहे. पुढें जवळजवळ 1700 वर्षें हें नगर विस्मृतींत पडलें. 1748 सालीं खोदकाम सुरू झालें तरी आपण पाँपेईच खणीत आहों हें खणणारांस ठाऊक नव्हतें. 1763 सालीं सांपडलेल्या एका शिलालेखानें नगराचें नांव निश्चित केलें. पुढें 1863 सालीं फिओरेल्ली या अधिकाऱ्यानें एक युक्ति योजिली. राखेंत गाडलेलीं शरीरें कुजून गेल्यावर ज्या पोकळ्या राहिल्या होत्या, त्यांत त्यानें पातळ प्लास्टर ओतलें. तें घट्ट झाल्यावर भोंवतालची राख काढून टाकली तेव्हां मरणाऱ्या माणसांच्या आकृति उभ्या राहिल्या. कोणी तोंडावर हात घेतलेला, कोणी मुलाला कवटाळलेलें. नगराचा विस्तार सुमारें 66 हेक्टर असून त्याचा एकतृतीयांश भाग अजून मुद्दाम न खणतां ठेविलेला आहे.

या आकृति पाहून सर्वच प्रवासी हळहळतात. परंतु आपल्या बाजूच्या माणसाला त्या निराळ्याच तऱ्हेनें दिसणार. पाँपेई नष्ट होण्यापूर्वीं 17 वर्षें, म्हणजे 62 सालीं, तेथें मोठा धरणीकंप झाला होता. देवळें पडलीं, घरें फाटलीं, पाण्याचे नळ तुटले. स्फोटाच्या दिवशींहि कित्येक ठिकाणीं दुरुस्तीचीं कामें चालूंच होतीं. गवंड्यांनीं काढून ठेविलेला चुना तसाच राहिला. हें वाचतांना 1993 सालच्या 30 सप्टेंबरची पहांट आठवल्यावांचून राहत नाहीं. अनंतचतुर्दशीचें गणेशविसर्जन करून लोक नुकतेच निजले होते, तोंच किल्लारी, सास्तूर आणि तेरणेच्या खोऱ्यांतील कित्येक गांवें जमीनदोस्त झालीं. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरील मातीचीं जड माळवदें, म्हणजे उन्हापासून रक्षण करणारें आपलें घरच, माणसांवर कोसळलें. सुमारें दहा हजार जीव गेले. अनेक गांवें जुनी जागा सोडून नव्या जागीं वसलीं, आणि जुन्या जागेवर उरले ते दगडांचे ढीग. ज्यानें ते ढीग पाहिले आहेत त्याला पाँपेईच्या भिंती ही केवळ करमणुकीची वस्तु वाटणें शक्य नाहीं. नगर म्हणजे इमारती नव्हेत, संध्याकाळीं लावलेल्या आणि सकाळीं न विझविलेल्या दिव्यांची ती जागा आहे, हें त्याला कोणी समजावून द्यावें लागत नाहीं.

दुसरा दिवस नेपल्सच्या संग्रहालयांत जातो. कारण पाँपेईंत सांपडलेल्या मौल्यवान वस्तूंपैकीं पुष्कळशा तेथें नेऊन ठेविल्या आहेत. भिंतींवरचीं चित्रें, कांशाचे पुतळे, सोन्याचे दागिने, कांचेचीं भांडीं यांमध्यें एक लहानशी हस्तिदंती मूर्ति आहे. उंची सुमारें 25 सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम वीतभर. एक स्त्री उभी आहे. अंगावर वस्त्र नाहीं म्हटलें तरी चालेल, परंतु अलंकार मात्र विपुल आहेत. हातांत बांगड्यांचे चुडे, पायांत जड वाळे, गळ्यांत हार, कमरेस मेखला, आणि पाठीवर गुंफलेली वेणी. दोन्ही बाजूंस दोन लहान परिचारिका असून त्यांच्या हातीं प्रसाधनाचें साहित्य आहे. मूर्तीच्या डोक्यांतून एक भोंक आरपार खालीं गेलेलें आहे. त्यावरून ती एखाद्या आरशाची मूठ किंवा लहान चौरंगाचा पाय असावी असें अनुमान करितात. हें काम रोमी नव्हे, ग्रीकहि नव्हे. पहिल्याच दृष्टिक्षेपांत आपण म्हणतों, ही बाई आपल्याकडची.

ही मूर्ति 1938 सालीं अमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखालीं चाललेल्या उत्खननांत पाँपेईच्या एका मुख्य रस्त्यावरील घरांत सांपडली. पुढें त्या घराचें नांवच ‘हिंदी पुतळीचें घर’ असें पडलें. मायुरी यांनीं तिला लक्ष्मी म्हटलें आणि तेंच नांव जगभर रूढ झालें. परंतु तिच्या हातीं कमळ नाहीं, आणि हत्तीहि तिच्यावर अभिषेक करीत नाहींत. म्हणून हल्लींचे बहुतेक अभ्यासक तिला यक्षी किंवा नुसतीच शृंगार करणारी सुंदर स्त्री मानतात. देवी म्हणून तिला नमस्कार करावयाचा कीं कारागिराचें कसब म्हणून तिला पाहावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें. इतिहासाला महत्त्वाचें एवढेंच कीं, 79 सालापूर्वींच ती हिंदुस्थानांतून इटलींत पोंचली होती. कारण त्या सालानंतर त्या घरांत कोणी कांहीं नेऊं शकलें नाहीं. तारखेचा इतका पक्का पुरावा प्राचीन हिंदी शिल्पाला क्वचितच लाभतो.

ती पोंचली कशी? त्या काळच्या व्यापाराचा मार्ग चांगला माहीत आहे. मिसर देशांतील तांबड्या समुद्रावरच्या बंदरांतून ग्रीक नाखवे आषाढाच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यावर समुद्र ओलांडून भडोच किंवा मलबारच्या किनाऱ्यास लागत. हिंवाळ्यांत वारा फिरला कीं तेच परत जात. मिसरच्या किनाऱ्यावर माल उतरवून उंटांवरून नाईल नदीपर्यंत, तेथून नावेनें अलेक्झांड्रियास, आणि तेथून मोठ्या गलबतानें इटलीस असा तो जाई. इटलींतील पुतेओली हें बंदर पाँपेईच्याच उपसागरावर आहे. तेव्हां अलेक्झांड्रियाचा माल ज्या धक्क्यावर उतरे तो पाँपेईच्या श्रीमंतांना जवळचाच होता.

या व्यापारानें रोमचा पैसा पूर्वेकडे वाहून जातो, अशी तक्रार मोठ्या प्लिनीनें आपल्या ग्रंथांत केली आहे. एकटा हिंदुस्थान दरवर्षीं निदान 5 कोटि सेस्टर्स ओढून घेतो, असा त्याचा हिशेब होता. दैवाचा योग असा कीं, हा प्लिनी त्या वेळीं उपसागराच्या तोंडावरील आरमाराचा अधिकारी होता, आणि व्हेसूव्हियसच्या स्फोटांत अडकलेल्यांना सोडविण्यास गेला असतां तोहि मरण पावला. हिंदी मालावर टीका करणारा ग्रंथकार आणि हिंदी मालाचा एक सुंदर नमुना, दोघांसहि एकाच डोंगरानें गांठलें.

आतां आपण समुद्राच्या या बाजूस येऊं. भडोचच्या बंदरांत येणारा माल कोठून येत असे, हें एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास लिहून ठेविलें आहे. त्याच्या पुस्तकास ‘पेरिप्लस’ म्हणतात. त्याची दहाव्या शतकांतील एक हस्तलिखित प्रत जर्मनींत हायडेलबर्ग येथें आहे, आणि आपल्याला मिळणारा सारा मजकूर तिच्यावरच अवलंबून आहे. हा व्यापारी सांगतो कीं, भडोचेच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणापासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें फार मोठें नगर आहे. पैठणाहून अकीक जातीचे दगड येतात. तगराहून साधें कापड पुष्कळ, निरनिराळ्या तऱ्हेचीं तलम वस्त्रें आणि विशिष्ट जातीचें रंगीत कापड येतें. तो सर्व माल गाड्यांतून, वाटा नसलेल्या अवघड मुलखांतून, भडोचेस जातो. पुढें दुसऱ्या शतकांत टॉलेमी यानेंहि आपल्या भूगोलांत तगरचें नांव घेतलें आहे.

तगर हें नगर होतें हें जगाला ठाऊक होतें. तें कोठें होतें हें मात्र ठाऊक नव्हतें. एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं त्याचा पुष्कळ शोध केला. विल्फर्ड यांनीं तें देवगिरीस ठेविलें, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जुन्नरास, डॉ. रामकृष्णपंत भांडारकर यांनीं धारूरास. हे सर्व मोठे विद्वान् होते, आणि प्रत्येकाजवळ कारणें होतीं. परंतु एक गोष्ट ध्यानांत येते कीं, या पहिल्या तर्कांत शोध घेतला गेला तो किल्ल्यांचा, लेण्यांचा, नांवाजलेल्या ठिकाणांचा. धाराशिवच्या ईशान्येस तेरणा नदीवर एक साधें खेडें आहे, तेथील कुंभार संत होऊन गेला, एवढीच ज्याची ख्याति, त्या तेरकडे कोणाची दृष्टि गेली नाहीं. 1901 सालीं फ्लीट यांनीं आपला निबंध प्रसिद्ध केला आणि तगर म्हणजेच तेर हें दाखवून दिलें.

फ्लीट यांचीं कारणें समजण्यास कठीण नाहींत, आणि मराठी वाचकास तर तीं विशेष पटण्यासारखीं आहेत. पहिलें कारण भाषेचें. प्राकृतांत दोन स्वरांमधला ‘ग’ गळतो. तगराचें तअर किंवा तयर होतें, आणि पुढें तेर होतें. नगराचें नेर झालें, पिंपळनेर, संगमनेर या नांवांत तें आपण रोज ऐकतों, तसेंच हें. दुसरें कारण वाटेचें. पैठणापासून तेरचें अंतर गाड्यांच्या दहा दिवसांच्या मजलेस जुळतें; मात्र दिशा पूर्वेऐवजीं आग्नेयेची येते, आणि बंदरावर बसून ऐकीव माहिती टिपणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यास एवढी चूक क्षम्य आहे. तिसरें कारण लेखांचें. दुसऱ्या पुलकेशीच्या इ. स. 612 च्या ताम्रपटांत तगरनिवासी ब्राह्मणास दिलेल्या दानाची नोंद आहे. म्हणजे रोमचा व्यापार संपल्यावरहि नगर आणि नांव दोन्हीं जिवंत होतीं.

आणखी एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. कोंकणांत आणि कोल्हापुरास राज्य करणारे शिलाहार राजे आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी, म्हणवीत. प्रत्यक्षांत त्यांचें राज्य तेरपासून शेंकडों मैल दूर होतें. परंतु मूळ घराचें नांव त्यांनीं टाकलें नाहीं. राष्ट्रकूटांनींहि आपणांस ‘लट्टलूर’ नगराचे अधिपति म्हणविलें, आणि तें लट्टलूर म्हणजे आपलें लातूर असें सामान्यतः मानतात. महाराष्ट्राच्या इतिहासांतील दोन मोठीं राजकुलें आपलें कुलनाम सांगतांना मांजरा-तेरणेच्या खोऱ्यांतील दोन गांवांचीं नांवें घेत होतीं. 1982 सालीं लातूर जिल्हा निराळा होईपर्यंत हीं दोन्ही गांवें एकाच जिल्ह्यांत होतीं. मराठवाड्याला मागासलेला म्हणण्याची ज्यांना संवय आहे त्यांनीं ही गोष्ट एकदां ध्यानांत घेण्यासारखी आहे.

असो. आतां प्रवासी तेरला येतो. येथें त्याचा पहिला दिवस पाँपेईच्या अगदीं उलट जातो. त्याला कांहींच दिसत नाहीं. एक गांव आहे, नदी आहे, बाजार आहे, गोरोबाकाकांचें देऊळ आहे, यात्रेकरू आहेत. रस्त्यांवर चाकोऱ्या नाहींत, दुकानांचे ओटे नाहींत, भिंतींवर मजकूर नाहीं. तें फार मोठें नगर कोठें आहे, असें विचारल्यास कोणीहि पायांखालीं बोट दाखवील. गांवाभोंवतीं जीं उंचवट्याचीं टेकाडें दिसतात तीं निसर्गानें केलेलीं नाहींत. शेंकडों वर्षें माणसें एकाच जागीं राहिलीं, घरें बांधलीं, पडलीं, पुन्हां बांधलीं, चुलींची राख टाकली, खापरें टाकलीं, त्यांचे ते थर आहेत. पावसाळ्यानंतर त्या उतारावरून चालावें म्हणजे खापराचे तुकडे आणि मणी पायांशीं येतात.

दुसऱ्या दिवशीं प्रवाशानें त्रिविक्रमाचें देऊळ पाहावें. बाहेरून तें एक जुनें वैष्णव मंदिर आहे. परंतु पुढचा मंडप ओलांडून मूळ वास्तूकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, तिचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार आहे आणि छप्पर गजपृष्ठाकृति, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखें आहे. कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या लेण्यांत जो चैत्य डोंगरांत कोरलेला आहे, तोच येथें विटांनीं उभा बांधलेला आहे. हेन्री कझिन्स यांनीं फ्लीट यांच्या शोधानंतर तेरला येऊन पाहणी केली. त्यांनीं ही वास्तु मूळची बौद्ध चैत्य असल्याचें ओळखिलें आणि तेंच मत पुढें बहुतेकांनीं मान्य केलें. विटांचे असे उभे चैत्य सबंध देशांत फार थोडे टिकले आहेत. आंध्रांतील चेजर्ला येथील कपोतेश्वराचें मंदिर हा त्यांतला दुसरा प्रसिद्ध नमुना. तेरचा चैत्य टिकला याचें कारण त्यांत पूजा चालू राहिली. देव बदलला, परंतु दिवा विझला नाहीं, म्हणून भिंती राहिल्या. उत्तरेश्वराच्या देवळाची कोरीव लाकडी चौकट आणि पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या विटा हींहि तेरचीं पाहण्यासारखीं नवलें होत.

तिसरा दिवस संग्रहालयासाठीं राखून ठेवावा. हें संग्रहालय मुळांत कोणा सरकारी मोहिमेनें जमविलेलें नाहीं. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनीं आयुष्यभर गांवांतून, शेतांतून, नदीकांठांतून मिळालेल्या वस्तु गोळा केल्या, नीट जपल्या, आणि अखेर त्या लोकांच्या स्वाधीन झाल्या. आज तें शासकीय संग्रहालय त्यांच्याच नांवानें आहे. तेथें साच्यांतून काढलेल्या पांढऱ्या मातीच्या सुबक पुतळ्या आहेत. पुढची व मागची बाजू निरनिराळ्या साच्यांत काढून जोडण्याची ही पद्धति रोमी कारागिरीच्या परिचयानें आली असावी असें अभ्यासक मानतात. रोमी नाण्यांची नक्कल केलेल्या मातीच्या चकत्याहि तेरला सांपडल्या आहेत. सोन्याचें नाणें ज्यांना परवडत नव्हतें त्यांनीं मातीचें गळ्यांत घातलें, असें त्यांवरून दिसतें. आणि तेथेंच ती दुसरी हस्तिदंती स्त्री आहे. 1960 सालीं डॉ. मोतीचंद्र यांनीं तिच्यावर लेख लिहिला. त्याच वर्षीं ब्रिटिश म्यूझियमचे डग्लस बॅरेट यांनीं तेरच्या वस्तूंवर पुस्तिका काढली. तोच अलंकारांचा भार, तीच उभी राहण्याची ढब. नेपल्समधील बाई आणि तेरमधील बाई या बहिणी नसल्या तरी एका बिरादरीच्या खास आहेत.

मग पाँपेईची मूर्ति तेरचीच म्हणावयाची काय? अभिमानाला असें म्हणणें सोयीचें वाटतें. परंतु पुरावा तेवढ्यावर थांबत नाहीं. जालना जिल्ह्यांतील भोकरदन येथें उत्खननांत तशीच हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली, त्यामुळें दक्षिणेकडील कारागिरीचा पक्ष बळकट झाला. उलटपक्षीं पाँपेईच्या मूर्तीच्या बैठकीवर खरोष्ठी लिपींतील एक अक्षर आहे, आणि ही लिपि वायव्य सरहद्दीकडील; शिवाय अफगाणिस्तानांत बेग्राम येथें 1937 ते 1939 च्या उत्खननांत हस्तिदंती कामाचा मोठा सांठा मिळाला, त्याच्याशींहि तिचें साम्य दाखवितात. भडोचेच्या बंदरांत वायव्येकडून आणि दक्षिणेकडून असा दोन्हीं वाटांनीं माल येत असे, तेव्हां एका अक्षरावरून किंवा एका साम्यावरून निकाल देणें धाडसाचें होईल. निर्विवाद आहे तें एवढेंच, कीं असल्या मूर्ति तेर-भोकरदनच्या घरांत वापरांत होत्या, आणि तेरचा माल ज्या बंदरांतून जाई त्याच बंदरांतून रोमकडे जाण्याची वाट होती. इतकें खरें असल्यावर अधिक खोटें कशाला हवें?

शिवाय अभिमान कशाचा बाळगावयाचा, हाहि प्रश्न आहे. ग्रीक व्यापाऱ्यानें तगरच्या नांवापुढें हस्तिदंत लिहिलेला नाहीं. त्यानें लिहिलें आहे साधें कापड, आणि तें पुष्कळ. म्हणजे तेरची कीर्ति राजांनीं किंवा देवींनीं नव्हे, तर कोष्ट्यांनीं आणि रंगाऱ्यांनीं मिळविली. त्या काळीं विणकरांच्या श्रेणी किती विश्वासाच्या होत्या हें नाशिकच्या लेण्यांतील एका लेखावरून कळतें. नहपानाचा जांवई उषवदात यानें भिक्षूंच्या निर्वाहासाठीं 3000 कार्षापणें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेविलीं; मुद्दल तसेंच राहावें आणि व्याजांतून खर्च चालावा अशी ती व्यवस्था होती. राजाचा जांवई ज्यांच्याकडे पैसा ठेवतो ते कारागीर किती पतदार असतील! तेरच्या विणकरांचें एकहि नांव आज आपल्याला ठाऊक नाहीं. त्यांचें कापडहि राहिलें नाहीं. दोन हजार पावसाळे कापूस टिकूं देत नाहींत. परदेशी माणसाच्या हिशेबाच्या वहींतील दोन ओळी, हेंच त्यांचें स्मारक.

येथें पाँपेई आणि तेर यांमधला खरा भेद दिसूं लागतो. पाँपेई एका दिवशीं मेलें, म्हणून जसेंच्या तसें राहिलें. तेर मेलेंच नाहीं, म्हणून त्याचें जुनें रूप राहिलें नाहीं. सातवाहन गेले, रोमचा व्यापार आटला, बौद्धांचे विहार ओस पडले, तरी तेरला माणसें राहतच होतीं. तेराव्या शतकांत गोरोबाकाका ज्या मातीचीं मडकीं घडवीत होते, ती माती त्यांच्या पूर्वींच्या हजार वर्षांच्या कुंभारांनीं तुडविलेलीच होती. संतांच्या मेळ्यांत कोणाचें मडकें कच्चें आणि कोणाचें पक्कें हें थापटण्यानें पारखणारा तो कुंभार याच मातींतला. कनकामर मुनीच्या अपभ्रंश काव्यांत तेरापूर आणि धाराशिवचीं लेणीं येतात, वारकऱ्यांच्या कथेंत तेर येतें, आणि आजच्या आठवड्याच्या बाजारांतहि तेर आहे. जें नगर जगतें तें आपल्याच पूर्वजांच्या विटा उचलून नवें घर बांधतें. त्यांत अपराध कांहीं नाहीं. जगण्याची ती रीतच आहे.

परंतु त्या रीतीला एक दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या प्रत्येक गांवाला लागू आहे. आपण गांवठाणाला ‘पांढरी’ म्हणतों आणि शेताला ‘काळी’. पांढरीची माती राखेनें, शेणानें, मानवी वस्तीनें कसदार झालेली असते. म्हणून पिढ्यान् पिढ्या शेतकरी ती खणून गाड्या भरभरून काळींत नेऊन टाकीत आले. कोठें घराच्या भिंतीसाठीं, कोठें विटभट्टीसाठीं, कोठें रस्त्याच्या भरावासाठीं ती जाते. आतां तर यंत्रांनीं एका दुपारीं एवढें खणलें जातें कीं, पूर्वीं त्याला दहा वर्षें लागलीं असतीं. प्रत्येक गाडीबरोबर एकएक पान फाटतें. पुराणवस्तूची किंमत तिच्या सोन्यारुप्यांत नसून ती कोणत्या थरांत, कशाच्या शेजारीं सांपडली यांत आहे. पाँपेईची मूर्ति कोणत्या घरांत होती आणि केव्हां गाडली गेली, हें माहीत आहे, म्हणून तिच्यावरून दोन देशांचा इतिहास सांगतां येतो. हातोहात फिरलेली तशीच मूर्ति ही नुसती एक शोभेची बाहुली ठरते.

तेरला 1958 सालीं चापेकर यांनीं शास्त्रीय उत्खनन केलें, पुढेंहि उत्खननें झालीं, विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडांत आले. तरी टेकाडांचा बराच भाग अजून न वाचलेल्या ग्रंथासारखा आहे. इटलींत न खणलेला भाग पुढच्या पिढीच्या चांगल्या साधनांसाठीं राखून ठेवितात. आपल्याकडे न खणलेला भाग म्हणजे रिकामी जागा, अशी समजूत आहे. ही समजूत बदलणें हें सरकारापेक्षां गांवाच्या हातीं अधिक आहे. 1878 च्या निखात निधि कायद्याप्रमाणें जमिनींत सांपडलेल्या जुन्या मौल्यवान वस्तूंची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणें बंधनकारक आहे; परंतु कायद्याच्या आधीं डोळा हवा. लामतुरे यांच्याजवळ पदवी नव्हती कीं पद नव्हतें. डोळा होता आणि वस्तु जपण्याचें धैर्य होतें. त्या एका माणसानें पाहिलें नसतें, तर नेपल्समधील बाईचें गोत्र सांगावयास आज मराठवाड्यांत कांहींहि उरलें नसतें.

तेव्हां शिरूर अनंतपाळसारख्या गांवांतील ज्या कुटुंबाला प्राचीन नगर पाहण्याची हौस असेल त्यानें इटलीस जरूर जावें. परंतु आधीं लातुरावरून तेरला जाऊन यावें. मुलांना त्रिविक्रमाच्या देवळाची गजपृष्ठाकृति दाखवावी, संग्रहालयांतील हस्तिदंती बाईपुढें घटकाभर उभें करावें, आणि साधें कापड विणणाऱ्या अनामिक माणसांची गोष्ट सांगावी. तेरणा पुढें औरादच्या बाजूस मांजरेला मिळते. तिच्या दोन्ही कांठांवरील बहुतेक प्रत्येक गांवाला स्वतःची पांढरी आहे, आणि त्या पांढरीखालीं काय आहे हें कोणीहि अजून पाहिलेलें नाहीं. परत आल्यावर त्या मुलांपैकीं एखाद्यानें आपल्या गांवच्या टेकाडावरून खापराचा तुकडा उचलून हा कोणत्या थरांतला, असा प्रश्न विचारला, तर ती सहल सार्थकीं लागली असें समजावें.